देवघरांतील तसबीर आणि रशियांतील ‘आयकॉन’

वऱ्हाडांतील कोणत्याहि जुन्या घरांत जा. माजघराच्या भिंतीवर चौकटींत बसविलेल्या तसबिरींची एक ओळ आढळेलच. रामपंचायतन, शेषशायी विष्णु, कमळांत उभी असलेली लक्ष्मी, शेगांवचे गजानन महाराज, एखाद्या घरीं कारंज्याचे नृसिंहसरस्वती. वाडे पडूं लागले, एका कुटुंबाच्या चार ठिकाणीं चार सदनिका झाल्या, कीं या तसबिरींचें करावयाचें काय हा प्रश्न उभा राहतो. तांब्यापितळेचीं भांडीं वांटून घेतां येतात. टांक, बाण, शाळिग्राम यांची व्यवस्था वडील भाऊ करतो. परंतु वाळवीनें कोपरा खाल्लेली, समईच्या काजळीनें काळवंडलेली आजोबांच्या वेळची तसबीर कोणासच नको असते, आणि ती टाकवतहि नाहीं. मग एखाद्या संध्याकाळीं ती पिंपळाच्या पारावर किंवा मोर्णेच्या कांठीं ठेवून दिली जाते. ठेवणारा हात जोडतो आणि मागें न पाहतां घरीं येतो. असे पार अकोल्यांत पुष्कळ दाखवितां येतील.

हा संकोच नेमका कशाचा? तसबीर म्हणजे केवळ कागद, शाई व कांच असेल, तर हात कां जोडावेत? आणि तींत देव असेल, तर तिला पारावर कां सोडावें? या प्रश्नाचा विचार आपल्या शास्त्रकारांनीं केला आहेच. परंतु प्रसंगीं छळ सोसून ज्यांनीं तो तडीस नेला असे दुसरे लोक म्हणजे ग्रीस, रशिया, सर्बिया, रुमानिया इत्यादि देशांतील पूर्वेकडील ख्रिस्ती, अर्थात् ‘ऑर्थोडॉक्स’ पंथाचे अनुयायी. ख्रिस्ती धर्म म्हटला कीं आपणां वऱ्हाडकरांच्या डोळ्यांपुढें मिशनची शाळा आणि साध्या भिंतींचें प्रार्थनामंदिर येतें; कारण आपल्याकडे आलेले अलायन्स मिशनचे उपदेशक प्रॉटेस्टंट पंथाचे होते, आणि प्रतिमापूजेवर त्यांचा कटाक्ष असे. पूर्वेकडील ख्रिस्त्यांची गोष्ट अगदीं निराळी आहे.

जुन्या रशियन शेतकऱ्याच्या घरांत, बहुधा पूर्वेच्या बाजूस, एक कोपरा राखून ठेवलेला असे. त्याचें नांव ‘क्रास्नी ऊगल’. आजच्या भाषेंत त्याचा अर्थ तांबडा कोपरा होतो; पण पूर्वीं त्याच शब्दाचा अर्थ ‘सुंदर’ असा होता. तेथें फळीवर पवित्र चित्रें मांडलेलीं, त्यांवर भरतकाम केलेलें वस्त्र, आणि समोर टांगलेला तेलाचा दिवा. पाहुणा दारांतून आला कीं प्रथम त्या कोपऱ्यास वंदन करी, मग यजमानास. हीं चित्रें म्हणजे ‘आयकॉन’. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आपल्या ‘प्रतिमा’ या शब्दाहून भिन्न नाहीं.

आपल्या देवघराशीं इतकें साम्य असूनहि एक भेद मात्र लक्षांत घेण्याजोगा आहे. पूर्वेकडील मंदिरांत चहूंबाजूंनीं कोरलेल्या, उभ्या मूर्ति सहसा नसतात. जें वंदनीय तें सारें सपाट फळीवर काढलेलें. आपल्याकडे याच्या उलट क्रम आहे. पूजा व अभिषेक धातूच्या वा पाषाणाच्या मूर्तीस, आणि चित्र भिंतीवर, केवळ दर्शनापुरतें. तरीहि शास्त्रानें चित्रास प्रतिमेच्या पंक्तींतून उठविलेलें नाहीं. भागवताच्या एकादश स्कंधांत प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत. पाषाणाची, लांकडाची, धातूची, लेपाची, वाळूची, रत्नाची, मनोमयी. आणि याच मालिकेंत ‘लेख्या’ म्हणजे रेखाटलेली. मूर्तीस स्नान घालावें, लेपाच्या व रेखाटलेल्या प्रतिमेस मात्र पाणी न लावतां नुसतें पुसावें, एवढी व्यावहारिक सूचनाहि तेथेंच आहे. ‘लेख्या’ हा शब्द विशेष मौजेचा. ग्रीक व रशियन भाषांतहि आयकॉन ‘काढीत’ नाहींत, तें ‘लिहितात’. दोन्हीकडे लिहिणें व रेखाटणें यांस धातु एकच.

आतां त्या छळाची हकीकत. इ. स. ७२६ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलचा बादशहा तिसरा लिओ यानें प्रतिमांविरुद्ध मोहीम उघडली. चित्रें फोडण्यांत आलीं, भिंतींवरील चित्रांवर चुना फिरला, तीं लपवून ठेवणाऱ्या संन्याशांस हालअपेष्टा सोसाव्या लागल्या. आक्षेप असा कीं, जो अमर्याद त्यास रेषेच्या मर्यादेंत कोंडणें हेंच पाप. याला सर्वांत समर्थ उत्तर दिलें तें दमास्कसच्या योहानानें. तो खलिफाच्या राज्यांत राहत असल्यामुळें ख्रिस्ती बादशहाचा हात त्याच्यापर्यंत पोंचला नाहीं, हाहि इतिहासाचा एक चमत्कारच! त्याचा युक्तिवाद थोडक्यांत असा: निराकाराचें चित्र काढतां येत नाहीं हें खरें; परंतु ज्यानें देह धारण केला, ज्यानें तहानभूक सोसली, ज्यास लोकांनीं चर्मचक्षूंनीं पाहिलें, त्याचें चित्र नाकारणें म्हणजे त्याचा अवतारच नाकारणें होय. त्यांचा अवतार एकदांच झालेला, आपले अनेक; हा भेद सोडला तर सगुणाचा कैवार घेणाऱ्या आपल्या संतांस हा युक्तिवाद परका वाटला नसता.

पुढें ७८७ सालीं निकिया येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें निर्णय दिला. उपासना केवळ परमेश्वराची; प्रतिमेस वंदन; आणि तें वंदन प्रतिमेपाशीं न थांबतां ज्याची ती प्रतिमा त्याच्याकडे जातें. आपल्या भाषेंत, प्रतिबिंबास केलेला नमस्कार बिंबास पोंचतो. यानंतर पुनः एकदां प्रतिमाभंजनाची लाट आली व ती ८४३ सालीं कायमची ओसरली. त्या विजयाचा उत्सव पूर्वेकडील चर्चमध्यें उपवासपर्वाच्या पहिल्या रविवारीं आजहि होतो. दोन्ही वेळां प्रतिमांचा पुनरुद्धार झाला तो राज्यसूत्रें स्त्रीच्या हातीं असतांना, प्रथम आयरीन आणि मग थिओडोरा. देवघर शेवटीं कोण सांभाळतें हें आमच्या भगिनींस सांगावयास नकोच.

आयकॉन सिद्ध कसें होतें तें आतां पाहूं. कारण त्याचा अर्थ निम्मा त्याच्या कृतींतच आहे. लिंडन जातीच्या झाडाची वाळलेली फळी घेतात. तिच्यावर कापड चिकटवून सरसांत कालवलेल्या खडूच्या पुडीचे पातळ थर एकावर एक देतात व घांसून घांसून हस्तिदंतासारखी गुळगुळीत भूमि तयार करतात. मग जुन्या नमुन्यावरून रेखाटन. त्यानंतर सोन्याचा वर्ख लावून तो अकीकाच्या दगडानें घोटावयाचा, आणि शेवटीं रंग. रंग म्हणजे पिवळी माती, काव, हिंगूळ, लाजवर्द अशीं आपल्या ओळखीचींच द्रव्यें. लाजवर्दाचा निळा रंग अजिंठ्याच्या लेण्यांतहि आहे. हीं द्रव्यें कालवावयाचीं मात्र अंड्याच्या बलकांत. उपवास व प्रार्थना करून बसलेल्या चित्रकाराच्या पुढ्यांत अंडें, हें ऐकून आमच्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठी पडेल. परंतु त्या पंथांत जीवनाचें व पुनरुत्थानाचें चिन्ह म्हणून अंड्यास मान आहे.

मुख रंगविण्याची रीत तर अत्यंत अर्थपूर्ण आहे. आपण पाहिलेले चित्रकार उजळ वर्णाचा चेहरा काढून त्यावर छाया देतात. आयकॉनचा चित्रकार उलट करतो. मुखाच्या जागीं तो प्रथम मातकट, हिरवट काळसर रंग भरतो, आणि त्यावर उत्तरोत्तर उजळ छटा चढवीत कपाळ, गाल व नासिका यांवर शेवटीं अगदीं बारीक शुभ्र रेषा देतो. अंधारांतून मुख प्रकाशांत येतें. हा प्रकाश कोणत्याहि एका बाजूनें आलेला नसतो. चित्रांत सूर्य नाहीं, दिवा नाहीं, कोणाची सांवली जमिनीवर पडत नाहीं. सोनेरी भूमि म्हणजे आकाश नव्हे, भिंतहि नव्हे. ज्या प्रकाशास उत्पत्ति नाहीं त्याचें तें चिन्ह.

चित्र पुरें झालें तरी त्यावर नांव लिहिल्यावांचून तें आयकॉन होत नाहीं. रूप पुरेसें नाहीं, नामहि हवें. ख्रिस्ताच्या प्रभामंडळांत तीन ग्रीक अक्षरें असतात. त्यांचा अर्थ ‘जो आहे तो’. आपल्या ‘सत्’ शब्दाची आठवण व्हावी असेंच हें नांव आहे. चित्रकाराचें स्वतःचें नांव मात्र जुन्या आयकॉनवर बहुधा नसतें. १५५१ सालीं मॉस्को येथें भरलेल्या धर्मसभेनें चित्रकारांस आज्ञा केली कीं, त्यांनीं नम्र व शुद्ध आचरणानें राहावें आणि स्वतःच्या कल्पनेनें न लिहितां आंद्रेइ रुब्ल्योव्ह आदि प्राचीनांच्या नमुन्याप्रमाणें लिहावें. शुक्रनीतींतहि म्हटलें आहे कीं, देवाची प्रतिमा ध्यानावरून करावी, प्रत्यक्ष पाहून नव्हे. आणि मर्त्याची सुबक प्रतिमा करण्यापेक्षां देवाची बेताची प्रतिमाहि श्रेयस्कर. नव्या पिढीस ही कलेची गळचेपी वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. चित्रकारानें मधून बाजूस व्हावें, एवढाच या नियमांचा हेतु आहे. गणपतीच्या मूर्तींत डोळ्यांची आखणी करतांना आपला मूर्तिकार जसा श्वास रोखून बसतो, तसें हें सारेंच काम.

या चिन्हांची एक लिपीच आहे, आणि थोड्या परिचयानें ती वाचतां येते. मरियेच्या ओढणीवर कपाळाशीं व दोन्ही खांद्यांवर मिळून तीन तारे असतात. ते तिच्या अखंड कौमार्याचे. जन्मोत्सवाच्या चित्रांत बाळ ज्या गुहेंत निजलेलें असतें ती काळीकुट्ट असते आणि त्याचे बाळोते प्रेतवस्त्रासारखे गुंडाळलेले असतात. जन्माच्या चित्रांतच मृत्यु लिहिलेला. संतांचें मुख नेहमीं समोरून अथवा किंचित् वळलेलें. ज्याच्याशीं दृष्टादृष्ट व्हावयाची नाहीं त्याचें, म्हणजे विश्वासघातकी यहूदाचें किंवा पिशाच्चांचें, चित्र एका बाजूनें काढतात. आपल्या ‘दर्शन’ शब्दाचें मर्म यापेक्षां स्पष्ट कोणी दाखविलें आहे असें वाटत नाहीं.

या कलेचें शिखर म्हणून ज्याचा उल्लेख होतो तें रुब्ल्योव्हाचें ‘त्रयी’ हें चित्र पंधराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकांतलें. कथा जुन्या करारांतील आहे. दुपारच्या उन्हांत अब्राहामाच्या दारीं तीन अनोळखी अतिथि येतात. तो त्यांचे पाय धुण्यास पाणी देतो, झाडाखालीं बसवून भोजन घालतो. आणि पुढें कळतें कीं अतिथिरूपानें परमेश्वरच आला होता. हें वाचतांना गुरुचरित्रांतील अनसूयेचें आख्यान कोणास आठवणार नाहीं? तेथेंहि तिघे, तेथेंहि अतिथि, तेथेंहि भोजन. आपल्या चित्रकारांनीं त्या तिघांस एका देहांत आणून तीन मुखें व सहा हात दिले. रुब्ल्योव्हानें तिघांस निरनिराळें ठेवलें. परंतु माना अशा कलत्या केल्या कीं तिन्ही देहांभोंवतीं एक वर्तुळ आपोआप पुरें होतें. यजमान व यजमानीण त्यानें वगळलीं, पक्वान्नें वगळलीं. मेजावर एकच पात्र ठेवलें. आणि मेजाची अलीकडची, पाहणाऱ्याकडील बाजू मोकळी सोडली.

त्या मोकळ्या बाजूचें रहस्य चित्राच्या रेषांत आहे. आपण शाळेंत शिकतों तें असें कीं, आगगाडीचे रूळ दूर जातांना एका बिंदूंत मिळतात. आयकॉनमध्यें पायांखालचीं आसनें मागें निमुळतीं न होतां उलट मागें रुंद होत जातात. रेषा मिळतात त्या चित्राच्या अलीकडे, जेथें आपण उभे असतों तेथें. रशियन धर्मगुरु व गणिती पाव्हेल फ्लोरेन्स्की यानें या ‘उलट दृष्टिरेषे’चें समर्थन करणारा निबंध क्रांतीनंतरच्या धामधुमींत लिहिला, १९३७ सालीं सोव्हिएट सरकारनें त्यास गोळी घातली. हें अज्ञान नव्हे, येथें पाहणारे आपण नसून पाहिले जाणारे आपण आहों, असा त्याच्या विवेचनाचा रोख आम्हांस दिसतो.

हें वाचून भिंतीवरील आपल्या तसबिरीकडे पाहिलें म्हणजे अंतर चटकन् कळतें. पुण्यास चित्रशाळा छापखाना १८७८ सालीं निघाला. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर तिच्या संस्थापकांपैकीं. तेथून देवदेवतांचीं रंगीत शिळाछापाचीं चित्रें महाराष्ट्रभर गेलीं. १८९४ सालीं राजा रविवर्मा यांनीं मुंबईस जर्मन यंत्रें आणून छापखाना घातला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला व फ्रिट्झ श्लायशर या जर्मन गृहस्थाच्या ताब्यांत आला. चित्रपटांचे जनक दादासाहेब फाळके यांनींहि तेथें कांहीं काळ काम केलें. त्या छापखान्याची लक्ष्मी पाहा. प्रकाश एका बाजूनें येतो, पदराची सांवली पडते, दंडाची गोलाई हातानें चांचपावी इतकी खरी. आपण तिच्याकडे पाहतों आणि ‘किती सुंदर!’ असें म्हणतों. भगिनी निवेदिता व आनंद कुमारस्वामी यांनीं रविवर्म्यावर केलेली कठोर टीका याच मुद्द्यावर होती.

गंमत अशी कीं, नेमक्या त्याच सुमारास रशियांतहि हेंच घडत होतें. मॉस्कोंतील पत्र्याचे डबे करणाऱ्या झाको आणि बोनाकर या कंपनीनें पत्र्यावर छापलेलीं स्वस्त आयकॉन बाजारांत आणलीं. पालेख, म्स्त्योरा व खोलुई या गांवीं पिढ्यान्पिढ्या आयकॉन लिहिणाऱ्या कारागिरांच्या पोटावर पाय आला. १९०१ सालीं झार दुसरा निकोलस यानें त्यांच्या संरक्षणार्थ समितीहि नेमली. समितीनें यंत्र थांबलें नाहीं, आणि क्रांतीनंतर तर आयकॉनच थांबलें. पालेखच्या कारागिरांनीं १९२४ सालीं मंडळ स्थापून तीच लेखणी लाखेच्या डब्यांवरील परीकथांकडे वळविली.

तथापि छापील चित्रास सरसकट नांवें ठेवण्यास आमचें मन धजत नाहीं. पंढरपूरचें मंदिर अस्पृश्य मानलेल्यांस उघडें झालें तें साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ सालीं. त्यापूर्वींच्या काळांत ज्यास महाद्वाराच्या आंत पाऊल टाकतां येत नव्हतें त्याच्या झोंपडींत चार आण्यांचा विठ्ठल यंत्रानेंच नेऊन पोंचविला. त्या कागदासमोर झालेला नमस्कार बिंबास पोंचला नाहीं असें म्हणण्याचा अधिकार कोणास आहे?

रूढ नमुना सोडून देवाचें चित्र आपल्या लोकांसारखें काढावें कीं काय, हा वादहि आपल्या जवळच, पुण्यास, होऊन गेला आहे. गोव्यांतील सांत इस्तेव्ह येथें १९०२ सालीं जन्मलेले आंजेलो द फोन्सेका हे शांतिनिकेतनांत अवनीन्द्रनाथ ठाकुरांपाशीं शिकून आले आणि त्यांनीं मरियेस साडी नेसवून भारतीय स्त्रीच्या रूपांत रंगविलें. गोव्यांतील धर्मबांधवांस तें रुचलें नाहीं. ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत येऊन राहिले व १९६७ सालीं पुण्यासच वारले. त्यांचीं पुष्कळ चित्रें आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रांत आहेत. फोन्सेका कॅथॉलिक होते, त्यांचीं चित्रें म्हणजे आयकॉन नव्हेत. पण त्यांतील मरियेची खालीं झुकलेली शांत दृष्टि पाहिली म्हणजे वस्त्राचा वाद गौण वाटूं लागतो.

आतां पारावरच्या तसबिरींविषयीं. जीर्ण झालेलें, मुख पुसून गेलेलें आयकॉन रशियन मनुष्य जाळीत वा फेंकीत नसे. तें नदींत प्रवाहावर सोडीत किंवा पवित्र जागीं पुरीत. पुरण्याची रीत आज आपणांसहि अधिक सोयीची आहे. मोर्णेच्या पात्रांत कांच, खिळे व रासायनिक शाई सोडणें यांत धर्म नाहीं. तसबिरीची कांच व चौकट सोडवावी, त्यांचा घरांत उपयोग करावा. नमस्कार करून कागद भिजवावा व तुळशीच्या अथवा अंगणांतील झाडाच्या मुळाशीं मातींत मिळवावा. सदनिकेंत अंगण नसेल तर मोठी कुंडी पुरे. आणि चित्र अजून धड असेल, तर नवें चकचकीत चित्र आणण्यापूर्वीं कोरड्या मऊ फडक्यानें जुनें पुसून पाहावें. काजळीखालीं काय आहे हें पुष्कळांस ठाऊकच नसतें.

रुब्ल्योव्हाच्या ‘त्रयी’चें तसेंच झालें होतें. जवसाच्या तेलाचें रोगण कालांतरानें काळें पडतें. त्यावर पुनः पुनः रंग चढले, आणि श्रीमंत भक्तांनीं वरून सोन्याचा पत्रा बसविला, त्यांतून मुखें व हात तेवढे दिसत. कित्येक पिढ्यांनीं न दिसणाऱ्या चित्रास वंदन केलें. १९०४ सालीं पत्रा काढून साफसफाई सुरू झाली, आणि आंतून तो आकाशी निळा व पिकत्या धान्याचा सोनेरी रंग बाहेर आला. १९२९ पासून चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयांत होतें. २०२३ सालीं सरकारनें तें चर्चच्या हवालीं केलें. फळीचे सांधे व रंगाचा थर हवापालट सोसणार नाहीं असें तज्ज्ञांचें मत होतें. चर्चच्याच कलासमितीच्या प्रमुख धर्मगुरूंनीं या कामांत आडकाठी केली म्हणून त्यांस पदावरून दूर व्हावें लागलें. पदस्पर्शदर्शनानें विठ्ठलमूर्तीची झीज होते म्हणून वज्रलेपाचा विचार निघतो, त्या वेळीं पंढरपुरांत होणारे वाद ज्यांनीं वाचले आहेत त्यांस दोन्ही पक्षांचें दुःख कळेल. २०२४ च्या जूनमध्यें ‘त्रयी’ मॉस्कोजवळच्या ज्या मठासाठीं ती लिहिली गेली होती तेथें परत गेली. आतां ती काचेच्या संरक्षक पेटींत असते, आणि भाविक मेणबत्ती बाहेर लावतात.